खोकला कुणाचा होता

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी उडदाच्या पापडांचा डबा भरत होते. दुपारचे बारा-साडेबारा झाले असतील. पापड रचून झाले होते, वर हिंगाचा खडा ठेवला होता आणि झाकण काही केल्या बसत नव्हतं. फोन खांद्यानं कानाशी धरला. पलीकडून नितीन, अक्कांचा मुलगा, एवढंच म्हणाला, "काकू, आई गेली." मी "अरे देवा" म्हटलं. त्यानं फोन ठेवला... आणि मग मी काय केलं सांगू? आधी झाकण दोन्ही हातांनी दाबून बसवलं. पापडांना हवा लागली असती ना! मग खाली बसले आणि रडले. अशी बातमी आली की माणसाच्या हातातलं सुटतं म्हणतात. माझ्या हातातलं काही सुटलं नाही. मी तसलीच बाई आहे, पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

मालतीअक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. धुळ्यात, देवपुरात आमचं एकच घर. त्या वर, मी खाली. माझं लग्न झालं तेव्हापासून आम्ही एकाच जिन्यानं चढलो-उतरलो. त्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या आणि मी या पुरवणीत खाण्यापिण्याचं लिहिते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. संपादकांचा निरोप आला, "अक्कांवर लिहा, तुमच्याइतकं जवळून कोणी पाहिलंय?" मी लगेच हो म्हटलं. आठवणी सांगायला मला काय लागतं! पण या आठवणींच्या पोटात एक वेगळंच काम आहे. आमच्या गल्लीत सगळीकडे झालंय की अक्कांना आजार लीलाबाईनं दिला. लीलाबाई म्हणजे आमच्याकडे वाळवणाला मदतीला येणारी बाई. ती गोष्ट खोटी आहे आणि ती मी पसरवली. हे आधीच सांगून टाकते, कारण मला माझा स्वभाव माहीत आहे. गोड-गोड आठवणी लिहीत बसेन आणि नेमकं हेच शेवटी राहून जाईल.

लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात मला वरच्या गॅलरीत एक विचित्र लाकडी फळी दिसली. तिच्यावर दोन थर्मामीटर शेजारी-शेजारी ठोकलेले; एक उघडा आणि दुसऱ्याच्या बुडाला ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळलेली, तिचं टोक खाली पाण्याच्या बाटलीत. मला वाटलं, काही नवस-बिवस असेल. अक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शाळेनं भंगारात काढलं, मी घरी आणलं. ओल्याचा पारा कोरड्यापेक्षा खाली असतो. जितका जास्त खाली, तितकी हवा कोरडी." रोज सकाळी चहाच्या आधी त्या दोन्ही पारे बघायच्या, कसल्याशा तक्त्यात बोट फिरवायच्या आणि जिन्यातल्या पाटीवर खडूनं हवेतल्या ओलाव्याचा आकडा लिहायच्या. गल्लीतल्या बाया वाळवण घालायच्या आधी आमच्या जिन्यात डोकावून जायच्या. "अक्का, कुरडया घालू का आज?" "घाल, पण दुपारनंतर गच्चीवरून उतरव." असं ते चालायचं. आणि मला, खरं सांगते, ते बघवायचं नाही. स्वयंपाकात हात माझा, चव माझी, आणि विचारायला सगळ्या जणी वरच्या मजल्यावर! मी खालून ओरडायचे, "अक्का, हवेचा भाव काय आज?" वरून शांतपणे उत्तर यायचं, "तुझ्या जिभेपेक्षा थोडी ओली आहे." एवढं बोलून त्या पुन्हा वह्या तपासायला बसायच्या. असा राग यायचा मला! दिवसभर उत्तर शोधत राहायचे आणि सापडायचं ते दुसऱ्या दिवशी.

अक्कांची छाती लहानपणापासून नाजूक. बालदमा, मग एक मोठा न्यूमोनिया. फाल्गुन लागला की त्या आपल्या खोलीच्या खिडकीला ओली चादर लावायच्या आणि खिडकी उघडी ठेवायच्या. मी त्यांचं नाव 'ओला फडका' पाडलं होतं. हळदीकुंकवाला पाच-दहा बाया जमल्या की मी नक्कल करायचे, नाकाला पदर लावून, "शैला, हवा फार कोरडी आहे गं..." बाया हसून लोटपोट व्हायच्या. अक्का समोर बसलेल्या असायच्या, त्यांच्याही ओठांवर थोडं हसू असायचं. ते खरं होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. माझी मुलगी स्वाती तीन वर्षांची असताना तिला डांग्यासारखा खोकला झाला होता. अक्कांनी शाळेला रजा टाकली आणि दोन दिवस तिला मांडीवर घेऊन बसल्या. खोलीभर ओल्या चादरी टांगल्या, पातेल्यात पाणी उकळत ठेवलं. पोरीचा श्वास मोकळा झाला तेव्हा मी देवाला साखर ठेवली. अक्कांना काही म्हणाले नाही. बायांना ही गोष्ट सांगताना "डॉक्टरांचं औषध लागू पडलं" असं सांगितलं. आज कुणाला काय कबूल करायचं त्याची यादी काढायला बसले तर हेही त्यात येईल.

यंदाचा फाल्गुन तुम्हीही पाहिलात. खानदेशात या दिवसांत हवा कोरडी असतेच, पण अशी? थंडी पुरती गेलेली नाही, ऊन अजून तापलेलं नाही, आणि हवा मात्र भट्टीतून काढल्यासारखी. साडी पिळून दोरीवर टाकावी आणि चिमटा लावेपर्यंत अर्धी वाळलेली. नायलॉनची साडी घडी करताना तडतड ठिणग्या उडायच्या, दाराच्या कडीला हात लावला की चटका बसायचा. ओठ फुटलेले, टाचा फुटलेल्या, समोरच्यांच्या पोरीचा तर दोनदा घोळणा फुटला. अक्का पाटीवर आकडा लिहून त्याच्याकडे बघत उभ्या राहायच्या. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत इतका खाली उतरलेला मी पाहिला नाही." मी म्हटलं, "बरंच की! यंदाचे पापड काचेसारखे होतील. आणि अशा कोरड्या हवेत रोगराई कुठली? जंतू वाळून मरतात." आमच्याकडे सगळे असंच मानतात, पावसाळा आजाराचा आणि उन्हाळा निरोगी. मीही याच पुरवणीत दोनदा तसं लिहिलंय.

त्या दिवशी अक्का खाली माझ्या ओट्यापाशी आल्या. दम लागत होता, तरी उभ्या राहून त्यांनी मला समजावलं. मी कोथिंबीर निवडत होते, वर बघितलंसुद्धा नाही. "शैला, तुझे पापड वर्षभर का टिकतात?" म्हटलं, "हात चांगला आहे म्हणून." "वाळतात म्हणून. अर्धवट ओला राहिला तर?" "बुरसतो." "तसंच आहे बघ. कोणी खोकलं की बारीक थेंब उडतात, त्यात विषाणू असतो आणि मीठही असतं. हवा बेताची दमट असेल तर थेंब अर्धवट आटतो, मीठ घट्ट होतं आणि त्या खारानंच विषाणू मरतो. हवा पार कोरडी असली की थेंब झटकन वाळतो, मिठाचा खडा होऊन बाजूला पडतो आणि आतला विषाणू तुझ्या पापडासारखा टिकतो. वाळलेला थेंब हलका असतो, तो खाली पडत नाही, खोलीत तरंगत राहतो. त्यात आपलं नाक आतून कोरडं पडलेलं, ते काही अडवत नाही. सगळेच विषाणू असे नसतात, पण फ्लूचं असं आहे, असं मानतात. उन्हात मरेल तो. बंद खोलीत कुठलं ऊन?" मी म्हटलं, "अक्का, शाळा सुटून दहा वर्षं झाली." त्यांनी माझ्या ताटातली एक कोथिंबिरीची काडी उचलली, पुन्हा ठेवली आणि वर गेल्या. पापडाचा दाखला त्यांनी माझ्यासाठी शोधून आणला होता, माझ्या भाषेत. मला ते तेव्हा कळलं नाही असं नाही. कळलं आणि जास्तच राग आला.

त्याच आठवड्यात मी जळगावला गेले. स्वाती तिथे असते. तिच्या मुलीला, छकुलीला, ताप आणि खोकला होता. आजी म्हणून चार दिवस तिला कुशीत घेऊन बसले. जाताना एरंडोलच्या पुढे बसमधून केळीच्या बागा दिसत होत्या, पानांच्या कडा करपून तांबड्या पडलेल्या. परत आले ती घसा खवखवत घेऊन. दुसऱ्या दिवशी कोरडा खोकला सुरू झाला, अंग मोडून आलं. आणि त्याच्या पुढच्याच दिवशी आमच्याकडे पापड होते.

पापड पुढे ढकलता आले नसते का? आले असते, लाख वेळा आले असते. पण पुरवणीत माझा वाळवणाचा लेख येणार होता, तोही पहिल्यांदाच रंगीत फोटोसह. फोटो काढणारा माणूस ठरला होता, आठ बायांना मी निरोप दिले होते, सगळ्यांना हिरव्या साड्या नेसायला सांगितलं होतं. मी म्हणजे काय, त्या दिवसाची नवरीच! स्वातीचा सकाळी फोन आला, "आई, छकुलीचा रिपोर्ट आला, फ्लू आहे. तुला काही होत नाही ना?" मी म्हटलं, "छे गं, ठणठणीत आहे." जिभेखाली लवंग धरली, ज्येष्ठमध चघळला, तापाची गोळी घेतली आणि कंबर कसली.

पापड कसे लाटतात ते बाहेरच्यांना सांगायला हवं. पीठ तेलाचा हात लावून मुसळानं कुटायचं, दोऱ्यानं लाट्या कापायच्या आणि मग सगळ्या जणींनी एका खोलीत गोल बसून लाटायचे. लाटताना पंखा बंद, कूलर बंद, खिडक्या बंद, दाराला पडदा. वारा लागला की लाटीवर पापुद्रा धरतो, पापडाच्या कडा वळतात आणि चिरतात. यंदाच्या हवेत तर लाटी हातातच तडकत होती, म्हणून मी खिडक्यांच्या फटीतसुद्धा चिंध्या कोंबल्या. आठ बाया, लीलाबाई, अक्का आणि मी, माजघरात गुडघ्याला गुडघा लावून. गप्पा, हसणं, मध्येच कच्ची लाटी तेलात बुडवून तोंडात टाकणं... पापडाच्या दिवसाची मजा त्यातच असते. आमच्यासारख्या बायांनाच जमावी अशी सोय होती ती, रोगाला घरात घेऊन दार लावून घ्यायची.

लीलाबाई पारोळ्याकडच्या खेड्यातली. नवरा गेल्यावर धुळ्यात आली, पांझरेच्या काठाला राहते, मिरची कांडपाच्या गिरणीत काम करते आणि वाळवणाच्या दिवसांत आमच्या गल्लीत घरोघर पीठ कुटायला येते. मिरचीच्या भुकटीनं तिला बारा महिने ठसका असतो. त्या दिवशीही ती मुसळ चालवताना एकदा-दोनदा खोकली. "ए लीलाबाई, तोंड तिकडे कर," कोणीतरी म्हणालं. ती म्हणाली, "मिरचीना ठसका शे, बाई," आणि तोंड भिंतीकडे करून कुटत राहिली. अक्का उशिरा खाली उतरल्या, तोंडाला मास्क लावून. दारातच म्हणाल्या, "शैला, एक खिडकी उघड गं. आणि मी ओली चादर आणते, दाराला लावू. लाट्याही वाळणार नाहीत." बरोबर होतं हो त्यांचं! ओल्या चादरीनं लाट्याही वाचल्या असत्या. पण आठ जणींसमोर वरच्या मजल्याचं ऐकायचं? मी म्हटलं, "ओल्या फडक्यानं माझे पापड नरम पडतील. तुम्हाला सोसत नसेल तर वर जाऊन पडा. आम्ही काय, अडाणी बाया, लाटतो आमचं आमचं." बाया हसल्या. अक्कांनी पोळपाट ओढला आणि माझ्या शेजारी बसल्या. त्या वर जाऊ शकत होत्या. माझ्या जिभेनं त्यांना खाली बसवलं.

दोनदा मला ढास आली. दोन्ही वेळा मी "बघते हं, चहाचं आधण..." म्हणत उठले आणि मागच्या न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून खोकले. तिसऱ्यांदा उठता आलं नाही, कारण फोटोवाला आला होता. त्यानं अक्कांना आणि मला मध्ये घेतलं. "आजी, मास्क काढा ना, चेहरा दिसत नाही." अक्का माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "काढा हो, एवढं काय! पेपरात तोंड बांधून बसणार? लोक म्हणतील जावेनं तोंड बांधून ठेवलंय." पुन्हा हशा. त्यांनी मास्क काढून मांडीवर ठेवला. आमचे खांदे चिकटलेले होते. तो म्हणाला, "हसा," आणि हसताना माझी ढास फुटली. मी तोंड वळवलं, पण वळवलं ते त्यांच्याच बाजूला. मग पटकन म्हणाले, "मेली ती हिंगाची पूड घशात गेली." अक्कांनी मास्क पुन्हा लावला, पण तो लावून काय उपयोग होता.

दुसऱ्या दिवशी अंग दुखतं म्हणून अक्का अंथरुणातून उठल्याच नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला, पाचव्या दिवशी श्वास लागला. नितीन बायकोला घेऊन पुण्याहून आला आणि त्यांना दवाखान्यात हलवलं. डॉक्टर म्हणाले, फ्लू आहे, फुप्फुसं आधीच अशक्त, प्रयत्न करतो. दवाखान्याच्या जिन्यात नितीननं मला विचारलं. तो रागावलेला नव्हता, नुसता थकलेला होता. "काकू, आई तर कुठे जात नव्हती. पापडांच्या दिवशी कोणी खोकत होतं का?" माझ्या पर्समध्ये तेव्हाही ज्येष्ठमध होतं. मी म्हटलं, "लीलाबाई खोकत होती." तीनच शब्द. खोटेही नाहीत, बघा ना! ती खोकत होतीच. नितीन भिंतीला टेकला आणि म्हणाला, "त्या बाईला घरात कसं घेतलंत?" मी मान खाली घातली. त्याला वाटलं, काकूंना अपराधी वाटतंय. त्यानं उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवला.

कुणी म्हणेल, कशावरून तुझाच खोकला? तर अक्काच सांगायच्या, आधी कोण आजारी पडलं आणि मग कोण, हे बघत जा. जळगावला छकुली, मग मी, मग अक्का. लीलाबाईला ताप आला तो अक्कांच्याही नंतर. ती अक्कांजवळ बसायला दवाखान्यात जात होती, त्यांचे पाय चेपत होती. तिथेच एक दिवस थंडी वाजून थरथरायला लागली. तिचा ताप बघून सगळ्यांची खात्रीच पटली. "बघा! हिलाच होतं!" नितीनच्या बायकोनं तिला वॉर्डाबाहेर काढलं. मी तिथेच बाकावर बसले होते, हातात फळांची पिशवी घेऊन. लीलाबाईनं माझ्याकडे एकदा बघितलं. मी पिशवीतली संत्री खालीवर करत बसले.

माझी आणि अक्कांची शेवटची भेट त्यानंतर दोन दिवसांनी. नितीन औषधं आणायला खाली गेला होता. अक्कांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हाताला सुया, ओठांची सालं निघालेली. मी म्हटलं, "कसं वाटतंय?" त्यांनी मास्क बोटानं जरासा उचलला. आवाज म्हणजे नुसता वारा. म्हणाल्या, "शैला, तुझा खोकला कसा आहे?"

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी ओळखला असता, इतकी वर्षं त्यावरच तर जगलो आम्ही. त्या खरंच विचारत होत्या. माझ्यासमोर सगळी वाट मोकळी होती... हात धरून "अक्का, माझं चुकलं" म्हणायचं, बस्स. मी म्हणाले, "कसला खोकला? मला कुठे खोकला?" त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग मास्क खाली सोडला आणि डोळे मिटले. पोरगी वर्गात धडधडीत खोटं बोलली की त्या अशाच गप्प व्हायच्या म्हणे, ओरडायच्या नाहीत. तीन दिवसांनी मी पापडांचा डबा भरत होते तेव्हा फोन आला.

दहाव्याच्या आदल्या दिवशी माझा लेख छापून आला. फोटो रंगीत, झकास. खिडक्या बंद, हिरव्या साड्या, मध्ये अक्का आणि मी खांद्याला खांदा लावून. बायांनी तो कापून ठेवला. "अक्कांचा शेवटचा फोटो," म्हणत रडल्या आणि मग लीलाबाईला शिव्या दिल्या. एकीनं तिला दारात उभं केलं नाही, दुसरीनं कुटलेलं तिखट परत पाठवलं, तिसरीनं गिरणीच्या मालकाला जाऊन सांगितलं की ही बाई माणसं मारते. गिरणीतलं काम सुटलं. मी सगळं ऐकत होते, चहा देत होते, "जाऊ द्या हो, गेलेलं माणूस परत येतं का" असं मोठ्या मनानं म्हणत होते. त्यावर एक जण म्हणाली, "शैलाताई, तुमचं मन किती मोठं." मला ते ऐकायला बरं वाटलं. आता लिहूनच टाकते, खरंच बरं वाटलं होतं.

मग एक दिवस जिना झाडताना जिन्यातल्या पाटीकडे लक्ष गेलं. अक्कांचा शेवटचा आकडा तसाच होता, पापडांच्या दिवशीचा. त्याच्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती, ती कुणी वाचलीच नव्हती. "शैलाला ताप असावा. गरम पाणी द्यायला सांगणे." म्हणजे त्या सकाळी खाली उतरायच्या आधीच त्यांना माहीत होतं; रात्रीचा माझा खोकला वर ऐकू गेला असणार. मला ताप आहे, मी लपवतेय, हे सगळं माहीत असून त्या मास्क लावून आल्या, खिडकी उघड म्हणाल्या आणि मी टोचून बोलल्यावर माझ्या शेजारी बसल्या. आठ जणींसमोर त्यांनी माझं बिंग फोडलं नाही. एक शब्द बोलल्या असत्या तर पापड थांबले असते आणि त्या आज असत्या. का बोलल्या नाहीत? माझी लाज राखायला? की माझ्या तोंडाला लागून दमल्या होत्या? मला कळत नाही... आणि विचारायला वर कोणी नाही. त्यांचा राग येतो मला. अजूनही येतो, काय करू!

गेल्या सोमवारी भर उन्हात मी पांझरेच्या काठाला लीलाबाईचं घर शोधत गेले. एकच खोली, दार सताड उघडं. ती शेंगा फोडत बसली होती, तापानं अंगानं निम्मी झाली होती. मला बघून उठली नाही, बस म्हणाली नाही. मी दारातच उभी राहून सगळं बोलून टाकलं. जळगाव, छकुली, खोकला, दवाखान्याचा जिना. बोलता बोलता रडले. मला वाटलं होतं, ती चकित होईल. रागावेल, शिव्या देईल, मग मी पाया पडेन आणि मोकळी होईन... असा सगळा हिशेब मी घरूनच करून आले होते.

ती शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "माले माहित व्हतं. न्हाणीमा तुम्ही तोंडमा पदर कोंबीसन खोकत व्हतात. मी मांगे पाणी लेवाले उनी व्हती. ऐकं मी."

"पाणी घ्यायला आलीस आणि ऐकलंस, मग बोलली का नाहीस?"

"मी सांगं असतं तं मनं कोन ऐकतं?"

मी म्हटलं, "लीलाबाई, मला माफ कर. उद्यापासून माझ्याकडे ये कामाला, मी सगळ्यांना सांगते, ही माझं माणूस आहे म्हणून." तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "माले कसाले सांगतस, बाई? माले तं पहिलेपासून माहित शे. गल्लीले सांगा. तुम्ही पेपरमा लिखतस ना? तठे लिखा. मनं नाव टाका आनि तुम्हनं बी टाका." आणि शेंगांची टरफलं सुपात घेऊन ती माझ्या अंगावरून बाहेर गेली, मी तिथे नसल्यासारखी.

तर लिहिते. लीलाबाईला खोकला होता तो मिरचीचा. तिला ताप आला तो अक्कांचे पाय चेपताना. अक्कांच्या शेजारी बसून फ्लूचा खोकला खोकले ती मी, शैला, त्यांची धाकटी जाऊ. खिडकी उघडू दिली नाही ती मी. मास्क काढायला लावला तोही मीच. नितीनला जिन्यात अर्धवट सांगितलं तीही मी.

नितीन अजून इथेच आहे, वरच्या खोल्या आवरतोय. रोज सकाळी मला हाक मारतो, "काकू, चहा घेतला का?" हे त्याला तोंडावर सांगायला मी तीनदा जिना चढले आणि तिन्ही वेळा त्याला साखर देऊन परत आले. रविवारी तो चहा घेताना पुरवणी उघडेल. आईवर काकूनं काय लिहिलंय म्हणून आधी हेच पान काढेल. मी खाली दार उघडं टाकून बसणार आहे. त्याला जे बोलायचं ते त्यानं येऊन बोलावं... आणि तो खाली आलाच नाही, तर तेही मला ऐकू येईल.